अच्युतराव पटवर्धन : विषयाची निवड

अच्युतराव पटवर्धन (१९०५–१९९२) यांचा जन्म अहमदनगरचा. घर थिऑसॉफीच्या संस्कारांतले. शिक्षणासाठी ते अ‍ॅनी बेझंट यांनी स्थापिलेल्या काशीच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात गेले. अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाले आणि तेथेच प्राध्यापक झाले. अध्यापनाच्या काळात समाजवादी ग्रंथांचे वाचन झाले. विषय नोकरीपुरता राहिला नाही, तो येथून. १९३२ मध्ये कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी प्राध्यापकी सोडली. नाशिकच्या तुरुंगातील चर्चांतून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष आकारास आला; १९४२ मध्ये ते भूमिगत होते. १९५० मध्ये त्यांनी राजकारण सोडले. याला सर्रास संन्यास म्हटले जाते. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. कारण अच्युतराव त्यानंतर काशीस जाऊन पुन्हा शिकवू लागले.