जोडे, नीळ आणि मराठी व्याकरण : पाळक विल्यम केरी यांचें चरित्र

आमच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत कांहीं ख्रिस्ती मंडळ्या इतक्या लहान आहेत कीं, रविवारच्या अर्पणांतून मंदिराची डागडुजी झाली म्हणजे पाळकाच्या पदरांत फारसें कांहीं उरत नाहीं. मग असा पाळक शाळेंत शिकवितो, शेत कसतो, किंवा एखाद्या दुकानाचे हिशेब लिहितो. यावर मंडळींत कुजबुज होते. एका पालकांनीं तर आम्हांस सरळच विचारिलें कीं, देवाच्या सेवकानें पोटासाठीं दुसरा धंदा करावा काय? त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर विल्यम केरी यांचें चरित्र आम्ही पुन्हा काढून वाचलें. तेंच आज येथें थोडक्यांत देत आहों. या इंग्रज पाळकाचा आमच्याशीं संबंध काय, असें मुलांस वाटेल. तो संबंध आपल्या भाषेचा आहे, व तो पुढें येईल.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत झाला. बाप विणकर; पुढें तो गांवच्या शाळेचा मास्तर झाला. मुलाची कातडी नाजूक असल्यामुळें त्यास उन्हांत शेतकाम सोसेना, म्हणून त्यास जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवार ठेविलें. १७८१ सालीं, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आंत, त्यांनीं डॉरथी प्लॅकेट या मुलीशीं लग्न केलें. तिला आपलें नांवही लिहितां येत नव्हतें. त्यांची पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापानें वारली. त्याच सुमारास केरींनाही तापानें गांठलें व ऐन तरुणपणीं त्यांचे केस गेले.

१७८५ मध्यें ते मोल्टन गांवीं राहावयास आले व तेथील लहानशा बाप्तिस्त मंडळीची सेवा करूं लागले. मंडळीकडून वर्षाला सुमारें दहा-अकरा पौंड मिळत, आणि लंडनच्या एका फंडांतून पांच पौंड येत. एवढ्यांत संसार चालणें अशक्य होतें. म्हणून त्यांनीं शाळा घातली; परंतु गांवचा पूर्वीचा मास्तर परत आला व बरींच मुलें त्याच्याकडे गेलीं. अखेरीस पुन्हा आरी हातीं घ्यावी लागली. केटरिंगचे व्यापारी टॉमस गॉच यांच्यासाठीं ते जोडे शिवीत. समोर भिंतीवर कागद चिकटवून केलेला पृथ्वीचा मोठा नकाशा टांगलेला असे, आणि त्यावर देशोदेशींच्या लोकांची माहिती लिहिलेली असे. हा मनुष्य जोड्यांपेक्षां पुस्तकांत अधिक रमतो हें गॉच यांनीं ओळखलें, आणि जोडे बाजूस ठेवून भाषा शिकण्यासाठीं त्यांस आठवड्यास दहा शिलिंग देऊं केले. अशी माणसें चरित्रांत दोन ओळींत येऊन जातात; आम्हांस मात्र त्यांच्याविषयीं अधिक वाचावेंसें वाटतें.

१७८९ सालीं ते लीस्टर येथील मंडळीकडे गेले. तेथेंही पाळकपण व शाळा हीं दोन्ही कामें सुटलीं नाहींत. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंग येथें त्यांच्या खटपटीनें मिशनरी सोसायटी स्थापन झाली, व दुसऱ्याच वर्षीं ते हिंदुस्थानास निघाले. डॉरथीबाईंनीं आधीं नकार दिला होता. नवा जन्मलेला मूल कडेवर, आणि समुद्र कधीं पाहिलेला नाहीं. शेवटीं बहिणीची सोबत मिळाल्यावर त्या निघाल्या. नोव्हेंबर १७९३ मध्यें हें कुटुंब कलकत्त्यास उतरलें. बरोबरचे पैसे थोड्याच दिवसांत संपले, आणि परक्या देशांत चार मुलांच्या तोंडीं काय घालावें हा प्रश्न उभा राहिला.

१७९४ सालीं जॉर्ज युडनी या व्यापाऱ्यानें माल्डा भागांतील मुदनाबाटी येथें आपल्या निळीच्या कारखान्यावर त्यांस व्यवस्थापक नेमिलें. पगार दरमहा २०० रुपये. शिवाय कंपनी सरकार मिशनऱ्यांस आपल्या मुलुखांत राहूं देण्यास नाखूष असे. निळीच्या कारखानदारास ती अडचण नव्हती. केरींनीं विलायतेस कळविलें कीं, आतां माझ्या पोषणाचा भार तुम्हांवर नको. त्यावर तिकडे आनंद व्हावा! पण सोसायटीच्या लोकांस भीति वाटली कीं, आपला मिशनरी व्यापारी होईल, व त्यांनीं सावधगिरीचें पत्र धाडिलें. केरींस तें फार लागलें. मिळकतीचा मोठा भाग ते त्याच सेवेसाठीं खर्चीत होते.

नीळ ही वस्तु मात्र साधी नव्हे. पुढें निळीच्या मळेवाल्यांनीं बंगालच्या रयतेस इतकें पिळलें कीं, १८५९ सालीं शेतकऱ्यांनीं बंड केलें. पोटासाठीं धरलेला धंदा कोणता, हें पाहणें प्राप्तच आहे.

याच मुदनाबाटीस त्यांचा पांच वर्षांचा पीटर अतिसारानें गेला. प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात. डॉरथीबाईंच्या मनाचा तोल सुटला, तो पुन्हा सावरला नाहीं. १८०७ सालीं मृत्यूनेंच त्यांची सुटका केली. केरींच्या स्तुतिपर चरित्रांत या बाईंची वासलात एका परिच्छेदांत लावलेली असते, किंवा त्यांनाच दोष दिलेला असतो. हें आम्हांस पटत नाहीं. केरींनीं जें जें सोडलें तें स्वतः ठरवून सोडलें. त्यांच्या पत्नीस तें निवडण्यास फारसा वाव नव्हता.

कारखाना बुडीत निघाल्यावर, १८०० च्या जानेवारींत, ते डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास गेले. मार्शमन व वॉर्ड हे सहकारी तेथें होते. पुढील वर्षीं कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत कंपनीच्या तरुण अंमलदारांस बंगाली शिकविण्याचें काम त्यांस मिळालें. पगार पांचशें रुपये. पुढें संस्कृत व मराठीही त्यांच्याकडे आली. १८०७ सालीं ते प्राध्यापक झाले व पगार हजार झाला. हा पैसा श्रीरामपूरच्या सामाईक पेटींत जाई आणि त्यांतून छापखाना व शाळा चालत. स्वतःसाठीं ते अगदीं थोडा घेत.

आतां आमच्या भाषेचा संबंध. नाना फडणिसांच्या आश्रयानें सुरू झालेलें व त्यांच्या मृत्यूनें अर्धवट राहिलेलें भगवद्गीता छापण्याचें काम मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनीं १८०५ सालीं कारागिराकडून पुरें करून घेतलें. त्याच १८०५ सालीं तिकडे श्रीरामपुरास केरींचें मराठी भाषेचें व्याकरण छापून निघालें. १८१० सालीं त्यांचा मराठी कोश आला. त्यांतील मराठी शब्द मोडी अक्षरांत आहेत. या कामीं नागपूरकडील पंडित वैजनाथ शर्मा हे त्यांचे उजवे हात होते. पंडित नसते तर साहेबांचें मराठी किती चाललें असतें याची आम्हांस शंकाच आहे. पुढें १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा कोश व १८३६ सालीं दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण आलें, आणि हीं पहिलीं पुस्तकें मागें पडलीं. तरी तीं अगदीं आरंभीच्या पुस्तकांपैकीं होतीं, आणि एका पाळकाच्या नोकरींतून झालीं होतीं.

एकदां बड्या लोकांच्या मेजवानींत कोणीसा लष्करी अंमलदार, केरी पूर्वीं जोडे करणारे होते ना, अशी मुद्दाम मोठ्यानें चौकशी करूं लागला. केरींनीं शांतपणें सांगितलें कीं, नवे जोडे करण्याइतकें कौशल्य आपल्यांत नव्हतें, आपण जुनेच दुरुस्त करीत होतों.

९ जून १८३४ रोजीं ते श्रीरामपुरास वारले. एवढी वर्षें मोठा पगार मिळवूनही शिल्लक अशी नव्हती. इतर मुलांस पूर्वीं कांहीं रक्कम दिली होती, जेबेझ या मुलास द्यावयाची राहिली होती. त्यास पंधराशें रुपये मिळावे म्हणून आपला पुस्तकसंग्रह विकावा, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें होतें.