भुतांना सर्किटमध्ये बसवणारा माणूस

लाइट गेले की आमच्या हॉस्टेलमध्ये दोनच कार्यक्रम असतात. एक म्हणजे मेसला नावं ठेवणे, आणि दुसरा म्हणजे भुतांच्या गोष्टी. गेल्या सेमिस्टरला असेच लाइट गेले आणि आम्ही चौघी माझ्या लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत भूत शोधणाऱ्या परदेशी टीव्ही-शोजचे जुने एपिसोड बघत बसलो. तुम्हीही बघितले असतील. हिरवा-हिरवा अंधार, कॅमेरा हलतोय, कोणीतरी कुजबुजतंय आणि प्रत्येकाच्या हातात एक ईएमएफ मीटर! माझी रूममेट इलेक्ट्रिकलची. ती मध्येच म्हणाली की हे मीटर कॅलिब्रेट कोण करतं? झालं, भीती पळाली आणि मी कामाला लागले. ही माणसं मुळात आहेत तरी कोण?

उत्तर गमतीशीर निघालं. 'घोस्ट हंटर्स' हा अमेरिकन शो २००४ साली सुरू झाला. त्यातले मुख्य दोघे जेसन हॉज आणि ग्रँट विल्सन हे दिवसा चक्क प्लंबर होते. ब्रिटनच्या 'मोस्ट हॉन्टेड'ची (२००२) इव्हेट फील्डिंग आधी मुलांच्या कार्यक्रमाची निवेदिका होती. २००५ मध्ये तिथल्या ऑफकॉम या सरकारी नियामक संस्थेने तर निकालच दिला की हा शो म्हणजे करमणूक आहे, खरंखुरं संशोधन नव्हे. म्हणजे यांच्यात फिजिक्सवाला कोणी नाही. पण या सगळ्यांचे आजोबा म्हणता येतील असा एक माणूस मला सापडला आणि मग मी टीव्ही विसरले. त्याचं नाव हॅरी प्राइस. (मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे ही विनंती!)

हॅरी प्राइस जन्मला १७ जानेवारी १८८१ रोजी लंडनमध्ये. वडील कागदाच्या कंपनीचे फिरते विक्रेते. हॅरीनेही पुढे तेच केलं. बॅग घेऊन दुकानोदुकानी फिरायचं आणि कागदाच्या, पिशव्यांच्या ऑर्डरी आणायच्या. डिग्री नाही, प्रयोगशाळा नाही, कसलं ट्रेनिंग नाही. लहानपणापासून नाद मात्र दोन, जादूचे प्रयोग आणि जुनी नाणी. १९०८ मध्ये लग्न झालं. बायको कॉन्स्टन्स बऱ्यापैकी पैसेवाली होती, त्यामुळे नाद पुरवायला सवड मिळाली. ससेक्समधल्या पुलबरो गावी ते राहायला गेले. स्वतःच्या आत्मचरित्रात मात्र त्याने आपला जन्म श्रूजबरीचा आणि घराणं चांगलं खानदानी असल्याचं भासवलं. ट्रेव्हर हॉल नावाच्या लेखकाने १९७८ मध्ये कागदपत्रं शोधून हे सगळं खोटं ठरवलं. जन्मगावाबद्दल कोणी का खोटं बोलावं? मला वाटतं, ज्या बड्या लोकांत त्याला बसायचं होतं, तिथे पिशव्या विकणाऱ्याला खुर्ची मिळत नव्हती.

पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. घराघरातली मुलं गेलेली. त्यामुळे इंग्लंडमध्ये प्लँचेट आणि 'मीडियम' लोकांचा धंदा जोरात होता. विल्यम होप नावाचा फोटोग्राफर तुमचा फोटो काढायचा आणि त्यात तुमच्या मेलेल्या नातेवाइकाचा धूसर चेहरा उमटायचा! १९२२ मध्ये प्राइस त्याच्याकडे गेला. सोबत एरिक डिंगवॉल हा संशोधक या बेतात होता (हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागेल). प्राइसने आधीच फोटोच्या काचेच्या प्लेटवर एक्स-रेने कंपनीच्या सिंहाचं चिन्ह छापून घेतलं होतं. डोळ्यांना ते दिसत नाही, प्लेट डेव्हलप केली की मगच दिसतं. होपने फोटो काढला, भूतही आलं, पण सिंह गायब! म्हणजे प्लेट अंधारात बदलली होती. मला हा प्रयोग फार आवडला. ना आरडाओरडा, ना वादावादी, नुसती एक खूण. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल मात्र होपच्या बाजूने उभे राहिले. शेरलॉकने काय म्हटलं असतं कोण जाणे!

यानंतर प्राइसची गाडी सुटली. १९२६ मध्ये त्याने लंडनमध्ये स्वतःची लॅब काढली, नाव नॅशनल लॅबोरेटरी ऑफ सायकिकल रिसर्च. नावात 'नॅशनल' असलं तरी सरकारचा काही संबंध नव्हता. पण इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी बघावं असं सामान होतं. त्याआधीच, १९२३ मध्ये, स्टेला नावाच्या एका नर्सच्या बैठकींसाठी त्याने एक उपकरण बनवलं होतं. एक टेलिग्राफची की, तिच्यावर साबणाचा फुगा आणि वरून काचेचं झाकण. की दाबली गेली तर लाल बल्ब लागणार, पण हात लावायला गेलात तर फुगा फुटणार. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच!

रूडी श्नायडर नावाच्या ऑस्ट्रियन पोराच्या वेळी तर कमाल केली. १९२९-३० मध्ये लंडनच्या बैठकींत रूडी आणि बाकी बसलेले लोक यांच्या हातापायांत धातूचे मोजे घालून ते सर्किटला जोडले. कोणी एक हात जरी सोडवला तरी सर्किट तुटणार, दिवा विझणार आणि चोरी पकडली जाणार. आपल्या फर्स्ट इयरच्या लॅबमधली सिरीज सर्किटच की! तरी पडदे हलले, वस्तू तरंगल्या, आणि प्राइसने पुस्तक लिहून हे खरं असल्याचं जाहीर केलं. मग रूडी दुसऱ्या संशोधकांकडेही जाऊ लागला. मार्च १९३३ मध्ये प्राइसने अचानक एक फोटो छापला. फोटो एप्रिल १९३२ चा आणि त्यात रूडीचा एक हात मोकळा! जवळजवळ वर्षभर हा फोटो याने दाबून का ठेवला होता? १९७७ मध्ये अनिता ग्रेगरी या संशोधिकेने लिहिलं की तो फोटोच प्राइसने सूड म्हणून बनवलेला होता.

इथे मी वाचायची थांबले. कारण सांगते. सगळ्यांना सर्किटमध्ये बसवलं, पण ज्याने सर्किट बनवलं त्याच्या हातात मोजा कोणी घातला होता? कोणीच नाही. आणि हे वाचताना माझ्यासमोर माझंच जर्नल उघडं होतं. थर्मल कंडक्टिव्हिटीच्या प्रयोगात स्टेडी स्टेट यायला दोन तास लागतात. आम्ही वीस मिनिटं थांबतो आणि बाकीची रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलमधून, दशांश चिन्हानंतरचा आकडा बदलून! ग्राफ इतका सरळ येतो की सरांनाही हसू येत असणार. यात कोणाचं काही जात नाही असं आम्ही म्हणतो. प्राइसही तेच म्हणत असेल.

आणि तो ढोंगी होता म्हणून सोडून द्यावं तर तेही जमत नाही, कारण त्याचं काही काम अस्सल आहे. १९३१ मध्ये हेलन डंकन ही बाई तोंडातून 'एक्टोप्लाझम' काढायची. प्राइसने दाखवून दिलं की ते पातळ जाळीदार कापड असून ती ते गिळून पुन्हा बाहेर काढते. एक्स-रेचं नाव काढताच बाई किंचाळत रस्त्यावर पळाली. १९३५ मध्ये खुदा बक्ष हा आपल्याकडचा काश्मिरी जादूगार सरे परगण्यातल्या कार्शल्टनला निखाऱ्यांवरून चालला. चराच्या पृष्ठभागाचं तापमान ४३० अंश सेल्सिअस मोजलं गेलं, पायांना फोड नाही. यात प्राइसच्या संस्थेने दैवी शक्ती शोधली नाही. लाकडाच्या कोळशाची उष्णतावाहकता कमी आणि पाय टेकण्याचा वेळ थोडा, एवढंच कारण काढलं. गोव्यात शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांतून जातात ते ज्यांनी बघितलंय, त्यांना यातलं फिजिक्स लगेच कळेल. श्रद्धेचा भाग वेगळा. मी फक्त कंडक्टिव्हिटीबद्दल बोलतेय, ज्याची आमची रीडिंग्ज वर सांगितलीच आहेत!

भारताशी त्याचा संबंध अजून दोनदा आला, दोन्ही विचित्र. ५ ऑक्टोबर १९३० ला कराचीकडे निघालेलं आर-१०१ हे विमानजहाज फ्रान्समध्ये कोसळलं, ५४ पैकी ४८ माणसं गेली. दोनच दिवसांनी प्राइसच्या लॅबमध्ये आयलीन गॅरेट ही मीडियम नुकत्याच वारलेल्या कॉनन डॉयलना बोलवायला बसली आणि तिच्या तोंडून म्हणे त्या जहाजाचा कॅप्टन बोलू लागला. इंजिन, वजन, उचल, सगळं टेक्निकल! लोक थक्क झाले. पुढे जाणकारांनी तपासलं तेव्हा बराचसा भाग मोघम किंवा चुकीचा निघाला, आणि काही तर पेपरात आधीच छापून आलेला होता.

दुसरा प्रकार 'गेफ' या बोलणाऱ्या मुंगुसाचा. आइल ऑफ मॅन बेटावरच्या एका शेतघरात ते राहायचं आणि आपला जन्म दिल्लीचा असल्याचं सांगायचं. १९३५ मध्ये प्राइस तिथे गेला तर मुंगूस घरी नाही! त्याचे म्हणून पाठवलेले केस घरच्या कुत्र्याचे निघाले. घराच्या भिंतींना आतून लाकडी तक्तपोशी आणि मध्ये पोकळी, म्हणजे अख्खं घरच बोलण्याची नळी. हे प्राइसने टिपलं खरं, पण मुलीला किंवा बापाला खोटं ठरवलं नाही. पुस्तक मात्र काढलं. पुस्तक तो प्रत्येक गोष्टीवर काढायचा.

१० मार्च १९३६ ला त्याने बीबीसी रेडिओवर केंटमधल्या एका भुताच्या वाड्यातून थेट प्रक्षेपण केलं. मायक्रोफोन, थर्मामीटर, सगळा थाट. भूत काही आलं नाही, पण टीव्हीवर आज जे चालतं त्याचा साचा तिथेच तयार झाला असं मला वाटतं. त्याच्या तपासाच्या पेटीत आवाज न होणारे फेल्टचे जोडे, मोजपट्टी, कॅमेरा, दारांना लावायचं सील, कंप कळावा म्हणून वाटीभर पारा आणि ब्रँडीसुद्धा असायची. ब्रँडी कोणत्या रीडिंगसाठी ते समजून घ्या.

आता बोर्ली. एसेक्समधला हा पाद्र्याचा बंगला त्याचं सगळ्यात मोठं प्रकरण. १९२९ मध्ये 'डेली मिरर'च्या सांगण्यावरून तो तिथे पहिल्यांदा गेला, तेव्हा भारतातून आलेलं स्मिथ दांपत्य तिथे राहत होतं. तो येताच दगड, किल्ल्या, मेणबत्तीचा स्टँड असं काय काय उडायला लागलं. 'डेली मेल'च्या सटन या बातमीदाराने नंतर लिहिलं की डोक्यात खडा लागल्यावर त्याने प्राइसला धरलं, तर याच्या कोटाचे खिसे खड्यांनी भरलेले! पण हे जाहीरपणे छापून आलं ते प्राइस मेल्यावर.

१९३७ मध्ये त्याने तो बंगला वर्षभर भाड्याने घेतला आणि 'टाइम्स'मध्ये जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले. त्यांना सूचनांची छापील निळी पुस्तिका दिली. त्यातला सर्वात कसोशीने काम करणारा सिडनी ग्लॅनव्हिल हा इंजिनिअर होता, बंगल्याचे नकाशे त्यानेच काढले. (आपली मंडळी कुठेही कामाला जुंपली जातात!) बहुतेकांना फारसं काही दिसलं नाही. फेब्रुवारी १९३९ मध्ये बंगला जळाला, १९४० मध्ये प्राइसचं पुस्तक आलं. युद्ध चालू होतं, लंडनवर बॉम्ब पडत होते आणि लोक बोर्लीच्या भुताबद्दल वाचत होते. १९४४ मध्ये पडक्या भिंती पाडताना 'लाइफ' मासिकाच्या फोटोग्राफरने फोटो काढला, त्यात एक वीट हवेत दिसते. पलीकडे मजूर विटा फेकत होते हे तिथे हजर असलेल्यांना माहीत होतं. प्राइसच्या पुस्तकात मात्र ती वीट शेवटचा चमत्कार म्हणून छापली गेली.

२९ मार्च १९४८ ला पुलबरोच्या घरी हृदयविकाराने तो गेला. जादू, भुतं, फसवाफसवी यांवरची सुमारे १३,००० पुस्तकं त्याने लंडन विद्यापीठाला दिली होती. त्याची कागदपत्रंही तिथेच गेली, बोर्लीच्या फायलींसकट. १९५६ मध्ये तिघांनी बोर्लीवर पुस्तक लिहून त्याला उघडं पाडलं. त्यांनी पुरावे काढले ते याच फायलींतून. सुरुवातीची पत्रं, टिपणं, सगळं होतं. छापील पुस्तकाशी ताडून बघितलं की फरक दिसत होता. तिघांपैकी एक तोच ट्रेव्हर हॉल, दुसऱ्या मॉली गोल्डनी, प्राइसच्या जुन्या सहकारी, आणि तिसरा एरिक डिंगवॉल, सिंहाच्या खुणेच्या वेळचा सोबती. १९६९ मध्ये रॉबर्ट हेस्टिंग्ज याने प्राइसची बाजू घेऊन उलट अहवाल लिहिला, त्यामुळे भांडण अजून मिटलेलं नाही.

मला एक गोष्ट मात्र सुटत नाही. ज्याला एक्स-रेने खूण करता येत होती, धातूच्या मोज्यांनी चोर पकडता येत होता, त्याला स्वतःच्या फायली शेकोटीत टाकता आल्या नसत्या का? त्याने त्या टाकल्या नाहीत, जपून ठेवल्या.