विद्या बांधावर नेणारे भाऊसाहेब

मुकुटबन (जि. यवतमाळ), खास प्रतिनिधी : वणीहून निघालेला रस्ता मुकुटबनला येतो, तेव्हा तेलंगणाची सीमा फारशी दूर उरलेली नसते. झरी जामणी तालुक्यातील या परिसरात एकीकडे दगडी कोळशाच्या खाणी आणि २०२२ मध्ये सुरू झालेला सिमेंट कारखाना आहे, तर दुसरीकडे काळ्या जमिनीतील कपाशी, तूर, सोयाबीन आणि कोलामांचे पोड. येथील बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर चालते. या शिवाराला ज्ञान पुरविण्याची जबाबदारी ज्या कृषी विद्यापीठाकडे आहे, ते विदर्भाच्या पश्चिम भागात, दूर अकोल्याला आहे. ज्यांचे नाव ते मिरविते, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांना मात्र ते पाहता आले नाही. ते गेले तेव्हा त्याच्या स्थापनेला साडेचार वर्षे अवकाश होता.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात झाला. मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख हे नाव रूढ झाले. शिक्षणासाठी त्यांना गावोगाव फिरावे लागले. चांदूर, कारंजा, अमरावती आणि पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा प्रवास करून ते १९२० मध्ये विलायतेस गेले. या मुलाच्या शिक्षणासाठी वडील शामराव यांनी कर्जाचा बोजा डोक्यावर घेतला होता. एडिंबरा येथे एम. ए., ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उद्गमावर डॉक्टरेट आणि जोडीला बॅरिस्टरची पदवी, एवढे सारे मिळवून ते १९२६ मध्ये परतले. वेदांचा हा अभ्यासक पुढे आयुष्यभर खतबियाण्यांत आणि सावकाराच्या खातेवहीत रमला, याचे अनेकांना नवल वाटत आले आहे. परंतु वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला या दोन गोष्टी परक्या असण्याचे कारण नव्हते.

परतल्यानंतरची त्यांची पहिली काही वर्षे विलक्षण धावपळीची आहेत. अमरावतीत सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय निघाले. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२७ मध्ये सत्याग्रहाची चळवळ झाली. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. शेतकरी संघाची उभारणीही याच सुमाराची. १९२८ मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्षपद येताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना मोकळ्या केल्या.

१९३० मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. मात्र या काळातील ज्या कामासाठी शेतकऱ्यांनी त्यांची आठवण ठेवली, ते काम शिक्षणखात्यातले नाही. कापसाचे भाव कोसळले होते आणि जमिनी सावकारांच्या घशात जात होत्या. अशा वेळी, १९३३ मध्ये, प्रांतात कर्ज लवाद कायदा आला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून फेडता येईल अशा रकमेवर तडजोड घडविणे, ही त्याची रीत होती. या कायद्यामागे पंजाबरावांचा मोठा वाटा होता. शेतकऱ्याला सुधारणा शिकवायची तर आधी त्याच्या मानेवरचे जू सैल झाले पाहिजे, हा त्यांच्या कामाचा क्रम येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

दुसरी बाजू शाळांची. १९३०च्या दशकाच्या आरंभी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने विदर्भाच्या खेड्यापाड्यांत शिक्षण नेले. पुढे १९५६ मध्ये देशभर ग्रामीण उच्च शिक्षणाच्या ज्या मोजक्या संस्था निघाल्या, त्यांत अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठ होते. वर्गातील अध्यापनाला भोवतालच्या खेड्यांतील विस्तारकार्याची जोड देणे, हे या संस्थांचे वैशिष्ट्य होते. कृषी विद्यापीठे यायच्या आधीची ही गोष्ट आहे.

संविधान सभेचे सदस्यत्व आणि त्यानंतर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात मंत्रिपद, हा त्यांच्या आयुष्याचा दिल्लीतील अध्याय. अन्नधान्याची टंचाई हा तेव्हा देशापुढील सर्वांत मोठा प्रश्न होता. रोपवाटिका नीट करून, ओळीत लावणी करून, खताची मात्रा मोजून भात पिकविण्याची जपानी पद्धत १९५३ पासून देशभर राबविण्यात आली. पंजाबराव तिचे हिरिरीचे पुरस्कर्ते होते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली आणि ग्रामसेवक खेड्यात दिसू लागला. १९५५ मध्ये पंजाबरावांनी भारत कृषक समाज उभा केला. या संस्थेने डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत भरविलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनात अमेरिका व सोव्हिएत संघ हे दोघेही उतरले आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर उद्‌घाटनाला उपस्थित राहिले. शीतयुद्ध ऐन भरात असताना नांगर-ट्रॅक्टरच्या निमित्ताने दोन्ही गोटांना एका मैदानावर आणणारा मंत्री पापळचा होता, ही बाब आपल्या पाठ्यपुस्तकांनी फारशी मनावर घेतलेली नाही.

अमेरिकेत अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच विद्यापीठाकडे असतात. शेतातली अडचण प्रयोगशाळेत जावी आणि उत्तर शेतात परत यावे, हा त्यामागील हेतू. त्या धर्तीवरचे भारतातील पहिले विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगरला निघाले. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत पंजाबरावांचे निधन झाले, तेव्हा महाराष्ट्रात असे एकही विद्यापीठ नव्हते. पहिले १९६८ मध्ये राहुरीला आले. त्याआधी विदर्भाच्या विद्यापीठासाठी अकोल्यात मोठे आंदोलन झाले होते. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी, यवतमाळ जिल्ह्याचेच सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, अकोल्याचे विद्यापीठ पंजाबरावांच्या नावाने स्थापन झाले.

आज विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांचा भार या विद्यापीठावर आहे. अकोल्याची शिवारफेरी, कृषी विज्ञान केंद्रे आणि ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहणारे कृषी पदवीचे विद्यार्थी, या वाटांनी त्याचे ज्ञान बाहेर पडते. ते किती पोहोचते, याची कठोर परीक्षा २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातच झाली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. डोक्याइतकी उंच वाढलेली पिके, एकात एक मिसळलेली औषधे, अंगावर कसलेही संरक्षण नाही आणि सल्ला द्यायला बहुधा औषधविक्रेताच. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडे पोखरली.

या अळीवरचा उपाय शास्त्रज्ञ वारंवार सांगतात : कामगंध सापळे लावा, निंबोळी अर्क फवारा आणि डिसेंबरअखेर कपाशी काढून पऱ्हाट्यांचा निकाल लावा, फरदड घेऊ नका. यांतील शेवटची अट सर्वांत परिणामकारक. तीच सर्वांत जास्त मोडली जाते. फरदडीत अळी जगते आणि पुढच्या हंगामात परतते, हे कास्तकाराला आता ठाऊक नाही असे नाही. पण उभ्या पऱ्हाटीवरचा दोन-तीन क्विंटल कापूस म्हणजे उन्हाळ्यातील हातखर्च असतो आणि पीककर्जाचा हप्ता दारात उभा असतो. सल्ला बरोबर असूनही तो पाळणे ज्याला परवडत नाही, अशा शेतकऱ्याची गाठ पंजाबरावांना १९३३ मध्येच पडली होती. झरी जामणीच्या शिवारात जानेवारीतही पऱ्हाट्या उभ्या दिसतात, त्या याच हिशेबाने.