हकीम राझी

मुलांनो, लहान बाळाला ताप येतो. खोकला येतो, नाक वाहते, डोळे लाल होतात. तीन-चार दिवसांनी कानामागे व चेहऱ्यावर बारीक लाल पुरळ उठते आणि मग ते सर्व अंगावर पसरते. हा गोवर. उर्दूत आपण त्याला खसरा म्हणतो. देवी, म्हणजे चेचक, हा रोग याहून फार भयंकर होता. दोन्ही रोगांची सुरुवात तापाने होई आणि नंतर अंगावर पुरळ उठे. त्यामुळे ते ओळखण्यात गल्लत होत असे. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी एका हकिमांनी या दोन्ही रोगांची लक्षणे वेगवेगळी करून एका पुस्तकात नीट लिहून ठेवली. त्यांचे नाव अबू बक्र मुहंमद इब्न झकरिया अर-राझी.

राझींचा जन्म इसवी सन ८६५ च्या सुमारास इराणमधील रै या शहरात झाला. हे शहर आजच्या तेहरानजवळ होते. रै गावचे म्हणून ते राझी. तरुणपणी त्यांना संगीताची व किमयेची आवड होती. वैद्यकाकडे ते बऱ्याच उशिरा वळले, असे सांगतात. परंतु एकदा वळल्यावर त्यांनी मागे पाहिले नाही. पुढे ते रैच्या आणि नंतर बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले.

त्यांची शिकवण्याची रीत पाहा. ते मधोमध बसत आणि त्यांच्याभोवती विद्यार्थी रांगा करून बसत. रोगी आला की आधी सर्वांत बाहेरच्या रांगेतील विद्यार्थी त्याला तपासत. त्यांना रोग ओळखता आला नाही, तर तो आतल्या रांगेकडे जाई. तेथेही उलगडा झाला नाही, तर स्वतः राझी त्याला पाहत. अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या डोळ्यांना पाहण्याची सवय लागे. गरिबांवर ते मोफत उपचार करीत.

जुन्या ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरेच असेल, असे राझी मानत नसत. ते प्रत्येक रोग्याची टिपणे ठेवत. मेंदूच्या एका आजारात शरीरातून रक्त काढण्याचा उपचार त्या काळी करीत. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी त्यांनी काही रोग्यांचे रक्त काढले आणि काहींचे मुद्दाम काढले नाही. मग दोन्ही गटांची तुलना केली.

देवी आणि गोवर यांवरील त्यांचे पुस्तक याच सवयीतून तयार झाले. देवीच्या तापात पाठ फार दुखते, नाकाला खाज सुटते आणि रोगी झोपेत दचकतो, असे त्यांनी लिहिले. गोवरात पाठदुखी कमी असते. मळमळ आणि बेचैनी जास्त असते. पुरळ उठल्यावर रोग्याचे डोळे व घसा कसे जपावेत, हेही त्यांनी सांगितले. हे रोग रक्तातील उकळीमुळे होतात, अशी त्यांची समजूत होती. ती पुढे चुकीची ठरली, कारण दोन्ही रोग विषाणूंमुळे होतात. परंतु डोळ्यांनी पाहिलेली लक्षणे त्यांनी नेमकी टिपली होती. म्हणूनच १८४८ साली, म्हणजे सुमारे साडेनऊशे वर्षांनंतरही, या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले.

ज्यांच्याजवळ हकीम नाही, अशा लोकांसाठीही राझींनी एक वेगळे पुस्तक लिहिले. बाजारात किंवा स्वयंपाकघरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी कोणते उपचार करता येतात, हे त्यात सांगितले आहे. थोडे वैद्यकीय ज्ञान सामान्य माणसालाही असावे, ही केवढी मोठी दृष्टी! उतारवयात त्यांची दृष्टी गेली. सुमारे ९२५ मध्ये रै येथेच त्यांचे निधन झाले.

देवीचा रोग आज उरलेला नाही. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. गोवर मात्र अजून आहे. २०२२ साली मुंबईत त्याची साथ आली आणि त्यात काही बालके दगावली. गोवर आपोआप बरा होतो, त्याला औषध देऊ नये, असे काही घरांत अजूनही मानतात. तुम्ही तसे मानू नका.

घरात कुणाला गोवराची लक्षणे दिसली, तर त्या मुलाला इतर मुलांपासून वेगळे ठेवा. पाणी आणि पातळ अन्न वारंवार द्या. ताप जास्त असेल तर साध्या पाण्याने अंग पुसा. शक्य तितक्या लवकर आरोग्य केंद्रात दाखवा. तेथे जीवनसत्त्व 'अ' चा डोसही देतात. श्वास जोरजोरात चालत असेल, मूल काही पीत नसेल, सुस्त पडले असेल किंवा झटके येत असतील, तर एक क्षणही न थांबता रुग्णालय गाठा. आणि तुमच्या धाकट्या भावंडांना गोवराची लस दिली आहे का, हे घरी जरूर विचारा. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयात देतात.

राझींनी आपल्या विद्यार्थ्यांना आधी नीट पाहायला शिकवले. तुम्हीही आजारी माणसाकडे तसेच लक्षपूर्वक पाहा आणि जे दिसेल ते डॉक्टरांना वेळेवर सांगा. त्यामुळे एखाद्याचा जीव वाचू शकेल.