लखनौत कमावले, दिल्लीत निसटले

स्वतंत्र भारताच्या पंतप्रधानांपैकी लोकसभेला एकदाही सामोरे न गेलेले पंतप्रधान एकच, चौधरी चरणसिंह. राजधानीच्या राजकीय स्मरणात त्यांची ओळख बव्हंशी एवढ्यावरच थांबते. मात्र त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोजमाप दिल्लीत नव्हे, तर लखनौच्या महसूल खात्यात करावे लागते.

मेरठ जिल्ह्यातील नूरपूर येथे २३ डिसेंबर १९०२ रोजी एका जाट कूळ शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वहिवाट कुळाची आणि मालकी दुसऱ्याची, हे वास्तव त्यांनी घरातच पाहिले. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी गाझियाबादेत वकिली केली, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला आणि १९३७ मध्ये ते प्रांतिक विधानसभेत निवडून आले.

उत्तर प्रदेशातील जमीनदारी संपुष्टात आणणारा कायदा १९५२ मध्ये अमलात आला. त्याच्या जडणघडणीत चरणसिंहांचा वाटा मोठा होता. पुढच्याच वर्षी तेथील पटवाऱ्यांनी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्यांनी, दबावासाठी सामुदायिक राजीनामे दिले. महसूलमंत्री या नात्याने चरणसिंहांनी हजारो राजीनामे स्वीकारले आणि लेखपाल हे नवे पद निर्माण केले. कायदा कितीही चांगला असला, तरी सातबाऱ्यासारखी नोंद ज्याच्या हाती असते तोच गावाचा खरा धनी ठरतो, हे त्यांनी ओळखले होते.

काँग्रेसशी त्यांचा वैचारिक बिनसाव जाहीर झाला तो नागपुरात. जानेवारी १९५९ च्या अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव पंडित नेहरूंच्या आग्रहाने मांडला गेला आणि चरणसिंहांनी त्याला उघड विरोध केला. छोटा शेतकरी स्वतःच्या तुकड्यावर जितक्या निगुतीने राबतो तितका सामायिक शेतात राबणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. ठराव संमत झाला, पण देशात तशी शेती रुजली नाही.

१९६७ मध्ये काँग्रेस सोडून ते उत्तर प्रदेशचे पहिले बिगरकाँग्रेसी मुख्यमंत्री झाले. मध्यम शेतकरी जातींची त्यांनी बांधलेली मोट पुढे उत्तरेच्या राजकारणाचा कणा बनली. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ मध्ये जनता पक्षाने बहुतेक राज्यांत त्यांच्याच भारतीय लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर निवडणूक लढवली.

सत्ता आल्यावर मात्र संयम सुटला. गृहमंत्री असताना ऑक्टोबर १९७७ मध्ये झालेली इंदिरा गांधींची अटक दुसऱ्याच दिवशी न्यायालयात टिकली नाही. मोरारजी देसाईंशी बेबनाव विकोपाला गेला. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाणांनी अविश्वास ठराव मांडला, जनता पक्ष फुटला आणि मोरारजींनी राजीनामा दिला. २८ जुलैला चरणसिंह पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. ज्यांना तुरुंगात धाडले त्या इंदिरा गांधींच्याच पाठिंब्यावर हे सरकार उभे होते. तो काढला जाताच २० ऑगस्टला, लोकसभेत विश्वासमताची वेळ येण्याआधीच, त्यांनी राजीनामा दिला. जानेवारी १९८० पर्यंत ते काळजीवाहू राहिले.

त्यांच्या शेतकरी राजकारणालाही एक मर्यादा होती. कूळ मालक झाले, पण त्याच शेतात राबणारा भूमिहीन, बहुतांशी दलित मजूर या लाभापासून दूरच राहिला. उत्तरेत पुढे त्या वर्गाने आपले राजकारण वेगळे उभारले, त्यामागे हेही एक कारण होते.

२९ मे १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. २००१ पासून त्यांचा जन्मदिवस किसान दिवस म्हणून पाळला जातो आणि २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. हे सन्मान पंतप्रधानपदाच्या अल्प काळासाठी नाहीत. दिल्लीत उसन्या बहुमतावर मिळवलेली खुर्ची महिनाभरही टिकली नाही. लखनौत कलमागून कलम लिहून कुळांच्या नावे केलेली जमीन मात्र त्यांच्या पुढच्या पिढ्यांकडे गेली.