गोरोबाकाकांच्या घरचे पाहुणे

पाहुणा वेगळा आणि मुक्कामाला आलेला जुना मित्र वेगळा. पाहुण्याला चांगलेचुंगले करून घालावे, दोन दिवस त्याच्या तब्येतीची नि मुलाबाळांची चौकशी करावी, गाडीत बसवून द्यावे, की यजमान मोकळा. मित्रांचे तसे नसते. दोन-तीन रात्री एका छपराखाली काढल्या की बोलणे वरवरचे राहत नाही. जेवणे झालेली असतात, अंगणात वारा सुटलेला असतो आणि कोणीतरी असे काही विचारून बसतो, की खरे बोलायचे की बैठक गोड ठेवायची, हे यजमानाला तिथल्या तिथे ठरवावे लागते. मराठी मनात घर करून राहिलेली अशी एक बैठक सातशे वर्षांपूर्वी एका कुंभाराच्या घरी भरली होती. यजमान होते संत गोरा कुंभार, म्हणजे आपले गोरोबाकाका.

गाव तेर. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला ढोकी आपोआप चिकटते. तेर-ढोकी असा एकच शब्द असल्यासारखा लोक उच्चार करतात. बँकेच्या नोकरीत काही वर्षे माझा मुक्काम ढोकीला होता. ढोकी बाहेरच्यांना माहीत ती तेरणा साखर कारखान्यामुळे आणि एके काळी बार्शी लाइटची छोटी गाडी जिथून लातूरकडे जाई त्या स्टेशनामुळे. पण तेरचे नाव याहून फार जुने. हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी पेठ म्हणून त्याचा उल्लेख आहे. इथले कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजाने रोमनांच्या मुलखात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मातीची खेळणी, भांडी, मणी तर आहेतच. शिवाय हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, जिच्यासारखीच मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईच्या राखेत सापडली. तेरणाकाठच्या या मातीला आकार देणारे हात असे दोन हजार वर्षांचे आहेत. गोरोबा त्याच परंपरेतले.

त्यांचा जन्म 1267 चा मानतात. व्यवसाय वडिलोपार्जित, दैवत पंढरीचा विठ्ठल. पायाने माती तुडवायची, चाकावर मडके उतरवायचे, आवा रचायचा आणि या सगळ्यात मुखी नाम. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत दारुण घटना या कामातच घडली. पत्नी संती पाण्याला गेली आणि तान्ह्या मुलाकडे लक्ष ठेवायला नवऱ्याला सांगून गेली. गोरोबा माती तुडवत होते, डोळे मिटलेले होते. रांगत आलेले मूल त्या चिखलात आले आणि त्यांच्या पायाखाली गेले. त्यांना कळलेही नाही.

संतचरित्र वाचताना आपण अशा ठिकाणी पटकन हात जोडून पुढे जातो. मला वाटते, इथे थोडे थांबावे. त्या घरात पुढे काय झाले ते कथेने लपवलेले नाही. आईचा आक्रोश, नवऱ्याशी झालेले भांडण, मला स्पर्श करशील तर विठ्ठलाची आण आहे असे तिने त्याला बजावणे. गोरोबांनी ती आण शब्दशः पाळली. वंश बुडेल या भीतीने संतीनेच आपली धाकटी बहीण रामी त्यांना करून दिली. दोघींना सारखे वागवा, असे सासऱ्याने लग्नात सांगितले, म्हणून गोरोबा तिच्यापासूनही दूर राहिले. शेवटी एका रात्री दोघी बहिणींनी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर आण मोडल्याच्या दुःखाने त्यांनी ते हातच तोडून टाकले. कुंभाराचे हात गेले म्हणजे चाक थांबले, चूल थांबली.

पुढची कथा पंढरपूरची. आषाढीला नामदेवांचे कीर्तन चालू होते. विठ्ठलाच्या गजरात सगळ्यांनी हात वर केले, तसे गोरोबांनीही आपले थोटे खांदे उचलले आणि त्यांना हात फुटले. संतीने देवाला आळवले आणि गेलेले मूल रांगत परत आले. या चमत्काराकडे कोणी श्रद्धेने पाहील, कोणी रूपक म्हणून. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या कीर्तनात गोरोबांना आपले हात आणि आपले मूल परत मिळाले, ते कीर्तन नामदेवांचे होते. या शिंप्याच्या पोराचे एवढे मोठे ऋण कुंभाराच्या डोक्यावर होते.

हे लक्षात ठेवून आता तेरच्या त्या घरी जाऊ. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई आणि नामदेव असे सगळे गोरोबांकडे मुक्कामाला आलेले. आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दाढ्यांची मंडळी येतात. पण रूढ सनावळी मांडून पाहिली तर मौज वाटते. ज्ञानदेवांनी समाधी घेतली 1296 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. म्हणजे ही बैठक झाली तेव्हा ते विशीच्या आतबाहेरचे. मुक्ताबाई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. नामदेव पंचविशीचे आणि ज्यांना सगळे आदराने काका म्हणत ते गोरोबा तिशीसुद्धा न ओलांडलेले! नामदेवांहून अवघे तीन वर्षांनी मोठे. काकापण वयाने आले नव्हते. जे सोसले होते त्याने आले होते.

कोपऱ्यात कुंभाराची हत्यारे पडलेली. मुक्ताबाईने थापटणे उचलले आणि हे कशासाठी, असे विचारले. मडके पक्के भाजले की कच्चे राहिले ते यावरून कळते, असे काकांनी सांगितले. मग आम्हीही मडकीच की, आमचीही पारख करा, असा हट्ट त्या मुलीने धरला. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारत निघाले. सगळे शांत बसून राहिले. नामदेवांची पाळी आली तेव्हा मात्र ते चिडले. घरी बोलावून हा कसला पाहुणचार, असा त्यांचा सवाल होता. काकांनी निकाल दिला : हे मडके कच्चे आहे.

बँकेत उभे आयुष्य काढल्यामुळे मला या क्षणाचे वजन थोडेफार कळते. अनोळखी माणसाच्या अर्जावर नकार लिहिणे सोपे असते. आपल्या अडीअडचणीला जो धावून आला, त्याचा कागद समोर आला की लेखणी जड होते. तो नाराज होईल, चारचौघांत बोलेल, येणे-जाणे तुटेल, हे सगळे मनात येते. गोरोबांसमोर तर ज्याच्या कीर्तनाने हात दिले तोच बसला होता आणि त्याच हातात थापटणे होते. नामदेव म्हणजे विठ्ठलाचे लाडके, ज्यांच्या हातून देव जेवतो अशी ख्याती. एक गोड खोटे बोलून वेळ निभावून नेणे किती सोपे होते!

पण कच्चे हा शब्द कुंभाराच्या तोंडून कसा निघतो, ते ढोकीला असताना कुंभारांच्या अंगणात बसून मी पाहिले आहे. मडके चाकावरून उतरले की लगेच भाजत नाहीत. थोडे सुकले की आतून एका हाताने गोल दगडाचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटण्याने ठोकत ठोकत ते फुगवायचे, पातळ करायचे. मग सावलीत वाळवायचे आणि शेवटी गोवऱ्या-पाचटाच्या आव्यात. भाजलेल्यावर टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो, कच्च्याचा बद्द येतो. या माणसांना कच्च्या मडक्याचा राग येत नाही. भाजलेले मडके तडकले तर ते खापर झाले, त्याला इलाज नाही. कच्चे मडके मोडले तरी त्याची पुन्हा माती होते, पुन्हा चाकावर चढते. त्याला फक्त विस्तव दाखवायचा राहिलेला असतो. मात्र कच्चे असताना त्याला पक्के म्हणून पाणी भरायला दिले तर ते विरघळून जाते. शिंप्याच्या कानाला जी शिवी वाटली, ती कुंभाराच्या भाषेत पुढच्या कामाची सूचना होती.

नामदेव रुसून पंढरीला गेले. देवाकडे गाऱ्हाणे मांडले, तर देवानेही काकांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला सांगितले. औंढ्या नागनाथाच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर त्यांना भेटले. त्यांचे पाय उचलून जिथे ठेवावेत तिथे पिंडी दिसू लागली आणि देव एका मूर्तीपुरता नाही, हे नामदेवांना उमगले. तोच त्यांचा आवा. पुढे नामदेव उत्तरेत पार पंजाबपर्यंत गेले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. पंढरपूर सोडून इतक्या दूर, परक्या भाषेत देव पाहू शकणारा नामदेव तेरच्या त्या थापटण्यानंतरचा आहे.

मैत्रीचे काय झाले? आपला कच्चेपणा सांगणारी ही हकिगत नामदेवांच्या गाथेतच जपलेली आहे. तिथून ती कोणी पुसली नाही. गोरोबांचे जे थोडेसे अभंग आज मिळतात, त्यांतल्या काहींत ते नामदेवांना नाव घेऊन अनुभवाच्या गोष्टी सांगताना दिसतात. रागावून गेलेला पाहुणा पुन्हा मित्र म्हणून बोलण्यात आलेला आहे.

त्या दिवशीच्या बैठकीतली बाकीची मंडळी मात्र लवकर गेली. ज्ञानदेव आळंदीला, सोपान सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी मेहूणला, निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. वर्षभराच्या आतबाहेर चौघेही भावंडे संपली. गोरोबा त्यानंतर वीस वर्षे तेरला राहिले. 1317 साली चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला. काळेश्वराच्या देवळाजवळ, तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. ऐन उन्हाळ्यात तिथे यात्रा भरते, दिंड्या येतात, ओसऱ्या माणसांनी भरून जातात. मराठवाड्यात तेव्हा ऊन असे असते की आल्या माणसाला आधी पाणी विचारतात. ते पाणी माठातले असते, आणि माठ घेताना घरच्या बाईने त्यावर टिचकी मारून पाहिलेली असते.