भेगेचे गणित मांडणारे ग्रिफिथ

काचेची बांगडी फुटली म्हणजे ती ‘वाढली’ असे म्हणण्याची रीत, मुलखापासून हजार मैलांवर राहूनही आपल्या घरांनी सोडलेली नाही. पण तेवढ्याच धक्क्याने त्याच हातातील दुसरी बांगडी का वाढली नाही, हा विचार सहसा कोणी करीत नाही. ज्यांनी या प्रश्नाचे उत्तर गणिताने दिले ते ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ चोवीस वर्षे सरकारी नोकर होते. फायलींत हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला त्यांच्याविषयी जिव्हाळा वाटण्याचे हेही एक कारण असावे.

ग्रिफिथ यांचा जन्म १८९३ साली लंडनचा. वडील जॉर्ज ग्रिफिथ हे अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे लेखक. आकाशातून लढल्या जाणाऱ्या युद्धाची त्यांची गाजलेली कादंबरी मुलाच्या जन्माच्याच वर्षी प्रसिद्ध झाली. ॲलन तेरा वर्षांचे होण्यापूर्वीच वडील वारले. लिव्हरपूल विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९१५ मध्ये ते फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात रुजू झाले.

तेथे त्यांनी जी. आय. टेलर या थोर गणितज्ञाबरोबर १९१७ मध्ये एक नामी युक्ती प्रसिद्ध केली. वेड्यावाकड्या आकाराचा दांडा पिळला असता त्यात कोठे किती ताण येतो, याचे समीकरण सोडविणे महाकठीण. पण तशाच आकाराच्या भोकावर ताणून किंचित फुगविलेल्या साबणाच्या पडद्याचे समीकरणही तेच असते. तेव्हा पडद्याचा उतार मोजावा आणि ताण ओळखावा! साबणाच्या फुग्यांमुळे सहकाऱ्यांत त्यांना टोपणनावही पडले.

यानंतर ते काचेकडे वळले. इंग्लिस यांनी १९१३ मध्ये दाखविले होते की, छिद्र जितके लांबट व टोकदार तितका त्याच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. हे गणित पुढे नेले तर निघणारा निष्कर्ष मात्र चमत्कारिक होता. भेगेचे टोक अत्यंत तीक्ष्ण असेल तर तेथील ताण अमर्याद व्हावा, आणि ओरखडा पडलेली प्रत्येक वस्तू हलक्याशा भारानेही फुटावी. प्रत्यक्षात तर ओरखडे पडलेले पेले आपण वर्षानुवर्षे वापरतो.

ग्रिफिथ यांनी ताणाचा नाद सोडून ऊर्जेचा जमाखर्च मांडला. ताणलेल्या काचेत ऊर्जा साठलेली असते. भेग वाढली की तिच्या आसपासचा भाग सैल पडून त्यातील ऊर्जा मोकळी होते. ही झाली जमा. पण भेग वाढणे म्हणजे काचेचे दोन नवे पृष्ठभाग तयार होणे, आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. हा झाला खर्च. खर्च भेगेच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून भेग लहान असेतो जमेपेक्षा खर्च जड पडतो व ती जागच्या जागी थांबते. एका ठराविक लांबीपलीकडे जमा वरचढ होते आणि मग तिला आवरणारे कोणी नाही. काचेच्या नळ्यांवर व फुग्यांवर मुद्दाम भेगा पाडून त्यांनी हे पडताळून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीची काचेची काडी दर चौरस इंचास २५ हजार पौंडांच्या आसपास तुटे. पण तीच काच वितळवून मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाइतका बारीक तंतू ओढला तर तो जवळजवळ पाच लाख पौंड सोसत असे. पदार्थ एकच, बळ वीसपट! काच मुळात दुबळी नाही, तिच्यावरील न दिसणाऱ्या भेगा तिला दुबळी करतात. १९२१ मध्ये रॉयल सोसायटीने हा निबंध छापला तेव्हा ग्रिफिथ तिशीचेही नव्हते.

पुढची हकीकत जे. ई. गॉर्डन यांनी नोंदविली आहे. काच वितळविण्याचा गॅसचा दिवा एका रात्री विझवायचा राहिला आणि आग लागली. चौकशी झाली, आणि या निरर्थक उद्योगात वेळ दवडू नये असा निर्णय झाला. आगीची चौकशी करता करता काय काय विझविले जाते, हे सरकारी खात्यातील वाचकांना सांगायला नको. ग्रिफिथ इंजिनांच्या कामाकडे गेले. अभियंत्यांनी त्यांचा सिद्धांत काचेपुरता मानून बाजूला ठेवला. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे शांत पाण्यात उभे असलेले ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज एकाएकी मधोमध चिरले. अशा जहाजांच्या तपासातूनच पुढे जॉर्ज अर्विन यांनी तो जुना निबंध पोलादाला लागू केला.

मात्र ग्रिफिथ यांना केवळ अन्यायाचे बळी म्हणून रंगविणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९२६ मध्ये त्यांनी टर्बाइनच्या पात्यांना विमानाच्या पंखासारखा आकार द्यावा, असे गणिताने सिद्ध केले. त्यामुळे १९२९ च्या सुमारास फ्रँक व्हिटल नावाचा तरुण वैमानिक आपली जेट इंजिनाची कल्पना घेऊन आला तेव्हा अभिप्रायासाठी सरकारने त्याला साहजिकच त्यांच्याकडे धाडले. ग्रिफिथ यांनी त्याच्या गणितातील चूक काढली आणि कल्पना अव्यवहार्य ठरविली. चूक खरी होती. अभिप्राय मात्र चुकला. व्हिटल यांना सरकारी मदत कित्येक वर्षे मिळाली नाही. त्यांच्या इंजिनावर विमान उडाले ते १५ मे १९४१ रोजी. स्वतःचे काम एका शेऱ्याने थांबलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कागदावर तसाच शेरा मारावा, याचे मला वाईट वाटते. नवल वाटत नाही. ग्रिफिथ यांना हवा तो अक्षीय संपीडक, म्हणजे एकामागून एक चक्रांनी हवा सरळ मागे दाबणारा. आज मोठ्या प्रवासी विमानांत तोच असतो, हेही सांगितले पाहिजे.

१९३९ मध्ये ते रोल्स-रॉइस कंपनीत गेले, १९४१ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. सरळ वर उठणाऱ्या विमानाचा ध्यास त्यांनी घेतला आणि त्यातून चार पायांचा, पंख नसलेला एक सांगाडा तयार झाला. लोक त्याला उडती खाट म्हणत. ३ ऑगस्ट १९५४ रोजी ही खाट दोराविना अधांतरी तरंगली.

त्याच वर्षी १० जानेवारीला एल्बा बेटाजवळ आणि ८ एप्रिलला नेपल्सजवळ ‘कॉमेट’ जातीची दोन जेट विमाने आकाशात फुटून ५६ माणसे गेली होती. तपास फार्नबरोलाच झाला. दाब देऊन, सोडून, पुन्हा देऊन पाहिल्यावर पत्र्यातील झरोक्यांच्या कोपऱ्यांशी सुरू होणाऱ्या भेगा सापडल्या.

ग्रिफिथ १९६० मध्ये निवृत्त झाले व १३ ऑक्टोबर १९६३ रोजी वारले. भेग वाढताना मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेसाठी अर्विन यांनी सूत्रात जे अक्षर योजले ते ‘जी’; ग्रिफिथ यांच्या आडनावाचे पहिले अक्षर.